रविवारसाठी चार्ज केलेल्या बॅटऱ्या

शोभा गेली त्या शनिवारी मी मागच्या दारात मेथी निवडत बसले होते. संध्याकाळचे सहा वाजून गेले असतील. तिच्या शेजारच्या वहिनी धावत आल्या आणि फाटकातूनच म्हणाल्या, "निर्मलाताई, चला लवकर. मेश्रामबाई पडल्या." पाय घसरला असेल, असंच मला वाटलं. नागपूरच्या जरीपटक्यातल्या आमच्या गल्लीत तिचं घर माझ्या घरापासून चौथं. मी चप्पल न घालताच गेले. ती व्हरांड्यात खुर्चीजवळ फरशीवर आडवी होती, चष्मा बाजूला पडला होता आणि कोणीतरी तिच्या तोंडावर पाणी मारत होतं. आम्ही तिला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांत टॉर्च मारला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले की हृदय बंद पडलंय, घरच्यांना कळवा. त्रेसष्ट वर्षांची होती. सकाळीच तिनं मला दारावरून हाक मारून विचारलं होतं, "उद्या येतेस ना वं मैदानावर?" मी "पाहू" म्हटलं होतं...

तिला घरी आणलं तेव्हा व्हरांड्यात माणसं जमली होती. त्या गलक्यात एक आवाज सारखा येत होता, पिप्... पिप्... पिप्. टेबलावरचा तिचा चार्जर वाजत होता. बॅटरी पूर्ण भरली की तो असाच वाजायचा. "बंद करा ना बाप्पा ते कोणी," एक बाई रडता रडता म्हणाल्या. मीच पुढे होऊन प्लग काढला. टेबलावर तीन बॅटऱ्या होत्या, दुसऱ्या दिवशीच्या रविवारसाठी तिनं चार्ज केलेल्या. टेबल हलवायचं म्हणून कोणीतरी त्या उचलून आत नेल्या. मी ते पाहिलं. पाच वर्षं मी या बाईच्या मागे मैदानावर फिरले, त्यामुळे भरलेल्या बॅटऱ्या तशाच ठेवायच्या नसतात हे मला पाठ होतं. पण त्या संध्याकाळी ते माझ्या डोक्यात आलंच नाही.

ज्यांनी शोभाला पाहिलं नाही त्यांना तिच्या या नादाबद्दल आधी सांगायला हवं. ती एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होती. तीस वर्षं तिनं मुलांच्या हातात मीटर, तारा आणि सोल्डरिंगची यंत्रं दिली आणि संध्याकाळी मोजून परत घेतली. मी शाळेत मराठी शिकवायचे. तिचे यजमान सावनेरजवळच्या कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन होते. खाली उतरण्याआधी स्वतःचा दिवा दोनदा तपासणारा माणूस, असं ती त्यांच्याबद्दल सांगायची. ते गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी ती रिटायर झाली. एकुलती एक मुलगी अस्मिता नोकरीसाठी पुण्यात. आता ही बाई एकटी काय करणार, अशी आम्हा सगळ्यांना काळजी. महिनाभरानं मी तिच्याकडे गेले तर पुढच्या खोलीत सगळीकडे पांढरा भुसा. फोमची शीट कापून ती विमान करत बसली होती. साडीचा पदर खोचलेला, नाकावर चष्मा, हातात ब्लेड. "हे काय करून राहिली वं तू?" मी विचारलं. मान वर न करता ती म्हणाली, "पोरांचे शेकडो प्रोजेक्ट झाले माझ्या हाताखालून. आता एक माझा."

ते विमान उडायला तीन महिने लागले. सावनेर रोडवर गाव सुटल्यावर एक पडीक माळ आहे, तिथे रविवारी सकाळी पाच-सहा हौशी पुरुष रिमोटची विमानं उडवायला यायचे. एक निवृत्त अधिकारी होते, एक डॉक्टर होते, दोन दुकानदार होते. त्यांच्यात ही एकटी बाई, पातळ नेसून, डोक्याला रुमाल बांधून. एकटीनं जायला तिला कसंतरी वाटायचं म्हणून मला सोबत नेऊ लागली. मला विमानातलं काही कळत नव्हतं. मी थर्मासमधून चहा द्यायची आणि बाभळीखाली बसून राहायची. पण तिचं पहिलं विमान हातातून सुटून वर गेलं, डगमगलं, सावरलं आणि उन्हात वळलं, तेव्हा मीही उठून उभी राहिले होते. शोभाचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. तिच्या ओठांवर हसू नव्हतं, काहीच नव्हतं, नुसती ती सगळीच्या सगळी वर बघत होती.

विमानापेक्षा तिचा जीव बॅटरीत असायचा. ही बॅटरी आपल्या घड्याळातल्या सेलसारखी कडक नसते. साबणाच्या वडीएवढं चपटं, मऊ पाकीट असतं, वर निळं नाहीतर काळं वेष्टण, आणि त्यातून निघालेल्या दोन जाड वायरी. लिथियम पॉलिमर असं तिचं पूर्ण नाव, ही मंडळी लिपो म्हणत. वजनाला हलकी आणि ताकद मोठी, म्हणून विमानाला तीच लागते. "आणि म्हणूनच तिले जपा लागते," शोभा सांगायची. "विटेच्या आत वीज कोंडली तर वीट सांभाळते. ही तर पिशवी आहे." नवी बॅटरी आणली की ती मार्करनं त्यावर महिना-वर्ष लिहायची. दर वेळी चार्ज करण्याआधी तिपाईच्या काचेवर ठेवून बोटानं हळूच ढकलायची. सपाट बसली तर ठीक. पाळण्यासारखी हलली तर समजायचं की आत वायू झालाय, ती फुगायला लागली आहे. मग वेष्टण ताणलेलं दिसतं, कडा गोल होतात. कधी नेलपॉलिशसारखा गोडसर वास येतो, तो आला की आणखीच वाईट. एकदा फुगली म्हणजे तिचं काम संपलं. पुन्हा चार्ज करायची नाही, विमानात घालायची नाही, दाबून सपाट करायची नाही आणि टोचायची तर मुळीच नाही. वायरींच्या टोकांना चिकटपट्टी लावून, कोरड्या रेतीत, घराबाहेर. उडवायची नसेल तेव्हा चांगली बॅटरीसुद्धा निम्मीच चार्ज ठेवायची. पूर्ण भरून ठेवली आणि त्यात आमच्या नागपूरचा उन्हाळा लागला, की ती फुगायला वेळ लागत नाही. हे सगळं मी इतक्यांदा ऐकलं की मला त्याचा कंटाळा आला होता. एप्रिल-मे मध्ये ती बॅटऱ्या मधल्या खोलीत, माठ ठेवतात त्या थंड कोपऱ्याजवळ ठेवायची आणि मी तिला हसायची की पाहुण्यांपेक्षा यांचीच बडदास्त जास्त.

आता जे सांगायचं आहे ते मी चार वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी एका रविवारी माझ्या पुतणीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. दुपारी बाराला पाहुणे येणार होते. मी यायला नकोच म्हणत होते, पण शोभा म्हणाली की नऊला परत येऊ. साडेआठला तिचं विमान वाऱ्यात सापडलं आणि नाकावर आदळलं. आम्ही धावत गेलो. पुढचा भाग चुरा झाला होता. तिनं आतून बॅटरी काढली, हातात फिरवून पाहिली. एक कोपरा दबला होता. बॅटरी उघड्या मुरमावर ठेवून शोभा दहा पावलं मागे आली आणि खाली बसली.

"आता काय?" मी विचारलं.

"एक तास थांबू. मार लागला आहे तिले."

"फुगली तर नाही ना?"

"वरून नाही दिसत. आत काय झालं ते कसं समजणार? कधी पंधरा-वीस मिनिटांनी पेट घेते."

मी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं थांबले, पंधरा मिनिटं थांबले. बॅटरी मुरमावर निपचित पडलेली. घरून दोन फोन आले. मी चिडले. "शोभा, माह्या घरी कार्य आहे. काही नाही झालं तिले, पाहून राहिली ना मी. घे आणि चल." ती उठली नाही. मग मी असं बोलले की ते आठवलं तरी आज माझं मलाच लागतं. मी म्हटलं, "तुले काय, तुह्यी वाट पाहणारं घरी कोणीच नाही." ती उठली, बॅटरी उचलली, रुमालात गुंडाळली आणि मोपेडच्या सीटखालच्या डिक्कीत ठेवली. ती मोपेड तिच्या यजमानांनी जाण्याच्या आदल्या वर्षी तिच्यासाठी घेतली होती. मागच्या बाजूला त्यांनी स्वतःच्या हातानं पिशवी अडकवायला हूक बसवला होता.

आम्ही तीन-चार किलोमीटर आलो असू. मला मागे बसल्या जागी ऊब लागली. मी तिला सांगणार तेवढ्यात सीटच्या फटीतून पांढरा धूर आला. शोभानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, चावीही काढली नाही, माझा दंड धरून ओढलं. "पळ वं निर्मला, पळ! धुरात नको राहू!" आम्ही दोघी साठीच्या बाया त्या कडेच्या काट्याकुट्यातून पळालो. मागे वळून पाहिलं तेव्हा सीट फाडून ज्वाळा वर आली होती, शिट्टीसारखा आवाज करत. खाली पेट्रोलची टाकी. समोरच्या ढाब्यावरचा माणूस बादली घेऊन येत होता, शोभा त्याच्यावर ओरडली, "भाऊ, जवळ नका येऊ गा! राहू द्या, जळू द्या!" आणि ती जळली. दहा-बारा मिनिटांत सांगाडा उरला. तो हूक तेवढा काळा पडून लोंबत होता. शोभा रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली आणि बघत राहिली.  ती मला म्हणाली, "तुले लागलं तर नाही ना कुठं? दाखव हात." मग ढाबेवाल्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, यांच्यासाठी एखादा ऑटो पाहा ना. यांच्या घरी कार्य आहे." मी साक्षगंधाला वेळेवर पोहोचले. पुतणीला ओवाळलं. माझ्या साडीला धुराचा वास येत होता आणि सगळ्यांना वाटलं, मी स्वयंपाकघरात होते.

पुढच्या आठवड्यात अस्मिता पुण्याहून आली. मी व्हरांड्यात चहा घेत बसले होते, माझ्यासमोरच बोलणं झालं. पोरगी रागात होती, आणि रागामागे भीती होती हे मला दिसत होतं. "आई, तू तर सगळ्यांले शिकवत होती ना, मार लागलेली बॅटरी लगेच उचलायची नाही म्हणून? मग तुले कसं नाही समजलं? बाबांची गाडी होती ती. तू मेली असती, मावशी मेल्या असत्या. या वयात काहून पाहिजे तुले हे खेळ?" शोभानं बशीतला चहा संपवला. मी कप धरून बसले होते. ती आता माझ्याकडे पाहील असं वाटलं. तिनं पाहिलं नाही. "चुकलं माझं," ती म्हणाली. "घाई केली मी." अस्मिता उठून आत गेली. मी कप खाली ठेवला आणि घरी आले. नुसती घरी आले...

दोन दिवसांनी मी तिला विचारलं, "काहून नाही सांगितलं तू तिले? मी म्हटलं होतं ना चल म्हणून." ती कुंडीतली माती मोकळी करत होती. "बॅटरी माझी होती," ती म्हणाली. "गाडी माझी होती. तुले त्यातलं काय समजते? मले समजत होतं. मी नाही म्हटलं असतं तर तू एकटी ऑटोनं गेली असती, एवढंच झालं असतं. मीच 'नाही' म्हटलं नाही." मग माती थापत म्हणाली, "यापुढे म्हणीन." मी म्हटलं, "अस्मिताले मी सांगते." "काय सांगते? राहू दे. ती दोन दिवसांची पाहुणी." मला तेवढंच हवं होतं. तिनं नको म्हटलं, असं मी स्वतःला चार वर्षं सांगत राहिले.

शोभानं नाद सोडला नाही. मला वाटत होतं सोडेल. त्याऐवजी तिनं मला इतवारीच्या बाजारात नेलं. भांड्यांच्या गल्लीत हातगाड्यांतून वाट काढत आम्ही एका दुकानात शिरलो आणि तिनं पत्र्याची हातभर लांबीची पेटी घेतली. "चांगली आहे ताई, पापड-कुरडया दोन वर्षं राहतील," दुकानदार म्हणाला. ती म्हणाली, "हिच्या झाकणाला चार भोकं पाडून द्या ना." तो बघतच राहिला. "नव्या पेटीले भोकं?" "आत वायू झाला तर निघायले वाट पाहिजे. बंद पेटी म्हणजे बॉम्ब." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली, तेव्हा कुठे भोकं पाडली. पेटीत तिनं कोरडी रेती भरली आणि अंगणात, घरापासून दूर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवली. पूर्वी ती फुगलेली बॅटरी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची, मैदानावरच्या मंडळींनीच तसं सांगितलं होतं. पुढे वाचून, विचारून तिनं तेही सोडलं. पाण्यातही वायू निघतो, वायरी सडतात आणि बॅटरी मेली की नाही ते कळतच नाही, म्हणायची.

आणि ती नाही म्हणायला लागली. मैदानावर ते निवृत्त अधिकारी एकदा हातात टम्म फुगलेली बॅटरी आणि टोपीची टाचणी घेऊन उभे. हवा काढतो म्हणाले, की बसेल सपाट. शोभा चालत गेली. "साहेब, ती टाचणी आधी खाली ठेवा." ते हसले. ती हसली नाही. "मी माझी गाडी जाळली आहे साहेब. तुम्ही हात जाळाल." त्यांनी टाचणी खाली ठेवली. त्यानंतर कोणाचंही विमान आदळलं की बॅटरी काढून मुरमावर ठेवायची आणि सगळ्यांनी बाभळीखाली तासभर बसायचं, असं ठरून गेलं. कोणाला घाई असली तर त्यानं बॅटरी मैदानावर दुसऱ्याच्या नजरेखाली सोडून जायचं. कोणी कुरकुरलं की ती फक्त "नाही" म्हणायची. मी थर्मास उघडायची. ते तास मी मोजले नाहीत, पण दर वेळी मला वाटायचं की ती हे मला सांगते आहे. आता वाटतं, ती स्वतःलाच सांगत असावी.

ती गेल्यावर सातव्या दिवशी घरी बुद्धवंदना झाली, त्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला मैदानावरची मंडळी आली. अस्मितानं घर बंद केलं, चावी माझ्याकडे दिली आणि पुण्याला गेली. पुढे मे उजाडला. मी आठवड्यातून एकदा कुंड्यांना पाणी घालायला जायची आणि बाहेरूनच परत यायची, आत पाय टाकवत नव्हता. एक दिवस सकाळी मीटरचा माणूस येऊन गेला, बंद घरातही वीज जळतेय म्हणाला, म्हणून मी घर उघडलं. आत भट्टी होती. मधल्या खोलीत गोडसर वास होता. मला आधी वाटलं, एखादं फळ सडलं असेल.

मग मी जागच्या जागी थांबले. तीन बॅटऱ्या. पूर्ण भरलेल्या. सव्वा महिना बंद घरात, एप्रिल-मेच्या उन्हात.

मी दारं-खिडक्या उघडल्या, पंखा लावला नाही, एकाही बटणाला हात लावला नाही. वास टीव्हीखालच्या कपाटाकडून येत होता. वरचा ड्रॉवर सहज उघडला, त्यात बिलं आणि चष्म्याची घरं. खालचा ओढला तर दोन बोटं पुढे आला आणि अडला. मी जोर लावणार होते. हात ड्रॉवरवर होता. आत काहीतरी फुगून वरच्या फळीला टेकलं होतं आणि मी ओढलं असतं तर त्याचं पाकीट फाटलं असतं. मी हात काढून घेतला. खरं सांगते, मला त्या क्षणी घराबाहेर जाऊन कोणालातरी बोलवावंसं वाटलं. पण कोण येणार होतं ज्याला हे माहीत आहे? आणि आलेल्या माणसानं ड्रॉवर ओढलाच असता. मी तोंडाला ओढणी बांधली. वरचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून बाजूला ठेवला. वरून पाहिलं. दोन बॅटऱ्या उशांसारख्या झाल्या होत्या, तिसरीची नुसती कड गोल झाली होती. सगळ्यात मोठी कपाटाच्या आडव्या पट्टीखाली दाटली होती. तिच्यावर शोभाच्या अक्षरातला महिना ताणून रुंद झाला होता.  मग खालचा ड्रॉवर दोन बोटं मागे ढकलला, अगदी हळू. ती सुटली. मी स्वयंपाकघरातून स्टीलची नाही, वायरी धातूला लागू नयेत म्हणून चिनीमातीची थाळी आणली, कोरड्या हातांनी तिला तळातून उचललं, थाळीत ठेवलं आणि पोटापासून दूर धरून अंगणापर्यंत चालत गेले. पंचवीस पावलं असतील. पेटीत रेतीवर ठेवली, वायरींना पट्टी लावली, वर रेती. मग दुसरी. मग तिसरी. झाकण नुसतं टेकवलं. पेटीजवळ वाळलेली पानं होती ती झाडली. घड्याळ पाहिलं तेव्हा साडेनऊ झाले होते. मी मोठ्यानं म्हणत होते, "शोभा, झालं वं. झालं."

मी अस्मिताला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिचा आवाज चढला. "मावशी, मले माहीत होतं. आईनं बाबांची गाडी अशीच जाळली. आता घरही जाळलं असतं. तिले समजतच नव्हतं."

"तिले समजत होतं," मी म्हटलं. आणि मग सांगितलं. साक्षगंध, घड्याळ, घरून आलेले फोन, मुरमावरची बॅटरी. तिची वाट पाहणारं कोणी नाही असं मी बोलले, तेही सांगितलं. ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं, पण मग बाकीचं सांगून काय उपयोग होता?  

"तुम्ही तिथंच बसल्या होत्या," ती म्हणाली. "मी आईले बोलली तेव्हा. तुमच्या हातात कप होता."

"हो."

"त्यानंतर दोन महिने मी तिच्याशी धड बोलली नाही, मावशी. तिचा फोन आला की मी कामात आहे म्हणायची. ती विमानाचं सांगायले लागली की मी विषय बदलवायची. शेवटपर्यंत." मग बराच वेळ ती रडली. मी "माफ कर" म्हटलं. फोन ठेवताना ती म्हणाली, "शनिवारी येते. पेटी उन्हात नका राहू देऊ."

ते चार दिवस मी सकाळ-दुपार-संध्याकाळ पेटी पाहून यायची. अस्मिता आली, माझ्या घरी न उतरता सरळ तिकडे गेली. मी गेले तेव्हा ती पेटीपासून दहा पावलांवर उकिडवी बसली होती, तिची आई बसायची तशी. तिनं ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर आधीच फोन करून ठेवला होता. कचऱ्याच्या गाडीत द्यायच्या नाहीत, बंद कारमध्ये आणायच्या नाहीत, रेतीसकट आणा असं त्यांनी सांगितलं होतं. रविवारी सकाळी ऊन चढण्याआधी आम्ही एक उघडा छोटा टेम्पो केला. ड्रायव्हरला पेटीत काय आहे ते अस्मितानं आधीच सांगितलं. तो जरा घाबरला, मग म्हणाला, "हळू नेतो मग." पेटी मागे, आम्ही दोघी पुढे त्याच्याजवळ दाटून बसलो.  वाटेत एका खड्ड्याशी अस्मितानं माझा हात धरला आणि खड्डा गेल्यावरही सोडला नाही. केंद्रावरच्या माणसानं हातमोजे घालून रेती बाजूला केली, पट्ट्या पाहिल्या, झाकणाची भोकं पाहिली. "कोणी बांधलं हे?" त्यानं विचारलं. "बहुतेक लोक पिशवीत आणतात." मी अस्मिताकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्या आईनं शिकवलं यांना."

घरी आल्यावर आम्ही तिची खोली झाडायला घेतली. भिंतीवर चार विमानं टांगलेली, त्यांच्या पंखांवर धूळ. अस्मितानं ओल्या फडक्यानं एकेक पंख पुसला. मग तिनं मागची खिडकी उघडली. बाहेरच्या बाजूनं जाळीला लाल लोकरीचा वीतभर धागा बांधला होता, उन्हानं फिका पडलेला. "हे काय बांधलं आईनं?" ती म्हणाली. "नवस-बिवस तर मानत नव्हती ती."

मी सांगितलं. शोभा रोज सकाळी दात घासत या खिडकीशी यायची आणि धागा पाहायची. आडवा झाला असला तर वारा जास्त, जायचं नाही. नुसता हलत असला तर मला फोन, "निर्मला, आज जमते. निघ." अस्मिता खिडकीशी उभी राहिली. धागा सरळ खाली लोंबत होता. हवा पडली होती, मे महिन्यात पडते तशी. तिनं बोटानं त्याला हलवून पाहिलं. सोडवला नाही.

आता पावसाळा आला आहे. घर बंदच असतं. रविवारी सकाळी मी खिडक्या उघडायला जाते आणि साडेसातच्या सुमाराला अस्मिताचा पुण्याहून फोन येतो. बाकी काही विचारायच्या आधी ती विचारते, "मावशी, कसा आहे वारा?" मी खिडकीशी जाते, पाहते आणि सांगते. गेल्या रविवारी पावसानं उघडीप दिली होती. धागा नुसता हलत होता. "आज जमलं असतं तिले," मी म्हटलं.